सिव्ह ५ ची सवय सिव्ह ६ मध्ये नडते

'सिव्हिलायझेशन' (थोडक्यात 'सिव्ह') या साम्राज्य उभारायच्या संगणक-खेळाच्या सहाव्या भागाबद्दल एकाची तक्रार आहे: 'सिव्ह ६ मध्येही चारच शहरं वसवतो, तरी विज्ञानात मागे पडतो.' पडणारच! चार शहरांचं गणित सिव्ह ५ चं. तिथे आनंद अख्ख्या साम्राज्याचा मिळून एकच. दर शहरामागे ३ आणि दर नागरिकामागे १ नाराजी. शिवाय 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या त्याच्या पुरवणीत स्टँडर्ड (मध्यम आकाराच्या) नकाशावर प्रत्येक नव्या शहरागणिक तंत्रज्ञान ५ टक्क्यांनी महागतं. म्हणून 'ट्रॅडिशन' (मोजक्या, मोठ्या शहरांना फायद्याचं धोरण) घेऊन चार शहरं फुगवायची.

सिव्ह ६ मध्ये हा दंडच नाही. अडतं ते हाउसिंगवर, म्हणजे शहरात किती नागरिकांना जागा आहे त्यावर: गोड्या पाण्याकाठी सुरुवातीला ५, समुद्राकाठी ३, कोरड्या जागी २. एकाच नागरिकाची जागा शिल्लक राहिली की लोकसंख्येची वाढ निम्मी, शून्यावर पाव. आणि कॅम्पस (विज्ञान देणारा डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचा खास विभाग) एका शहरात एकच, म्हणजे चार शहरं तर चारच कॅम्पस. त्यापेक्षा 'अर्ली एम्पायर' ही सिव्हिक (संस्कृतीच्या प्रगतीची पायरी) मिळताच 'कॉलोनायझेशन' हे धोरणाचं कार्ड लावा (सेटलरला, म्हणजे नवं शहर वसवणाऱ्या तुकडीला, ५० टक्के जास्त उत्पादन) आणि शहरं वसवत सुटा. सेटलर दर वेळी महाग होतो, एक नागरिकही खातो, तरी परवडतं.

डिस्ट्रिक्टची किंमत तुमच्या टेक (तंत्रज्ञान) आणि सिव्हिकमधल्या प्रगतीबरोबर चढते, पण जागा ठरवली की तिथेच गोठते. त्यामुळे शहर वसताच डोंगराला खेटून कॅम्पसचा पाया टाकायचा आणि मग खुशाल दुसरं काही बांधायचं. शेजारच्या दर डोंगरामागे +१ विज्ञान. पाया नंतर हलवता येत नाही, तेवढं बघून टाका.

विस्ताराला लगाम मात्र मला सिव्ह ४ चाच पटतो. तिथे शहरांच्या देखभालीपायी तिजोरी आटते, शहरात कोर्टहाउस (न्यायालय) बांधलं की त्याचा तो खर्च निम्मा.