तळ्याकाठी तीन रात्री: तंबू, होडी, गळ, पक्षी. सल्ला हवाय

झोपाळू कासव
मंडळी, तीन रात्री तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचा बेत आहे. आम्ही चौघं. वडील सत्तरीचे, त्यांना गळ टाकून बसायचंय. बायकोला पक्षी बघायचेत. नऊ वर्षांच्या लेकाला होडीशिवाय दुसरं काही सुचत नाही. मला काहीच करायचं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तंबूत आजवर एकदाच राहिलोय, तेव्हा सकाळी अंथरूण पिळावं लागलं होतं. जागा कशी निवडायची, होडी कुठली घ्यायची आणि चौघांचं एका दिवसात बसवायचं कसं?

वल्हेकर
अंथरूण भिजलं म्हणजे तंबू पाण्याला चिकटून, खोलगट जागी लावला असणार. रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली येते आणि अशाच जागी साचते. त्यात तळ्याचा दमटपणा. कापडाला आतून थेंब धरतात आणि पहाटे कुणी कूस बदलली की तोंडावर टपटप. पाण्यापासून साठेक मीटर मागे, जरा उंचवट्यावर लावा. थंडी वाजेल म्हणून वरच्या जाळ्या बंद करू नका, श्वासाची वाफ बाहेर जायला हवी. वडिलांसाठी घडीची खाट न्याच.

वेळापत्रक तळंच ठरवतं. पहाटे पाणी काचेसारखं असतं, ऊन चढलं की वारा सुटतो, दिवस मावळताना बहुधा पुन्हा शांत. पहाट आजोबा आणि सूनबाईंची, सकाळ लेकाची, दुपार तुमची. :)

गळकर
वडिलांना सांगा, भर दुपारी गळ टाकून फक्त काठी धरायचा व्यायाम होतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खाली गार पाण्याचा वेगळा थर राहतो (पोहताना पायांना एकदम गार लागतं ना, तोच), मासे दुपारी खोल जातात. पहाटे आणि तिन्हीसांजेला उथळात चरायला येतात. वारा असेल तर तो ज्या काठावर आपटतो तिथे बसा. तरंगणारे किडे तिकडेच लोटले जातात आणि त्यांच्यामागे मासे येतात. तोंडावर वारा घेऊन बसायला कंटाळा येतो खरा.

मासा परत सोडणार असाल तर गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका आणि हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतात. परवान्याचं आणि बंदीच्या काळाचं आधी विचारून घ्या. उरलेलं जिवंत आमिष तळ्यात ओतू नका, परके जीव असेच पसरतात.

खंड्या
गळकर, तंगुसाचं (गळाच्या नायलॉन दोऱ्याचं) राहिलं. तुटलेला तुकडा न् तुकडा खिशात घालून परत आणा. पाणकावळ्याच्या पायाला तंगूस गुंडाळलेलं मी पाहिलंय. पंख वाळवायला खडकावर बसला होता, दर दोन मिनिटांनी चोचीने पाय ओढायचा. आम्ही जवळ जायला लागलो की पाण्यात.

दुर्बीण ८ बाय ४२ घ्या. जास्त मोठं दिसावं म्हणून १२ पटीची घेतलीत तर होडीत चित्र इतकं हलतं की डोकं दुखतं. शिवाय ४२ मिमीची काच पहाटेच्या अपुऱ्या उजेडातही चांगलं दाखवते. पाणकणसाच्या बेटापासून लांबच वल्ही आत घ्या आणि होडी आपली आपण वाहू द्या. चरणारा पक्षी मान वर करून थिजला, की तुम्ही जास्त जवळ आलात. तिथून मागे फिरा. पाणमांजर दिसेलच असं नाही, पण काठच्या दगडांवर माशांचे खवले असलेली विष्ठा दिसली तर संध्याकाळी समोरच्या बाजूला गप्प बसून राहा.

भटकी बाई
सरळ मोटरबोट घ्या की. नऊ वर्षांचं पोर वल्ही मारून दहा मिनिटांत कंटाळेल.

वल्हेकर
ताई, मोटरच्या आवाजाने पक्षी उडाले की पहिलं भांडण तंबूतच होईल. रुंद बुडाची वल्ह्यांची होडी घ्या, पोराला एक वल्हं द्या. गोल गोल फिरेल, पण हसत फिरेल.

मात्र वाऱ्याशी खेळू नका, हे स्वतःच्या फजितीवरून सांगतोय. काठावर झाडी होती, वारा आमच्या पाठीवरून तळ्याकडे वाहत होता. झाडांच्या आडोशाला पाणी शांत दिसलं म्हणून कयाक घातली. दोनशे मीटर आत गेल्यावर लाटा लागल्या आणि परतायला समोरून वारा. अर्ध्या तासाचं अंतर काटायला दोन तास लागले, तळहाताची साल निघाली. तेव्हापासून नियम एकच: जाताना वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे येताना दमल्यावर तोच ढकलतो.

लाइफ जॅकेटवर बसून राहायचं नाही, ते अंगात घालायचं. लेकाचं बक्कल लावून दोन्ही खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ढिलं आहे. पाणी गार असेल तर पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास नुसता ओढला जातो. तेव्हा हातपाय न मारता तरंगत राहायचं, हे त्याला काठावरच शिकवा. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत जायचं नाही.

खंड्या
पिण्याचं पाणी घरून न्या. तळ्याचं घेतलंच तर गाळून, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर मात्र उकळूनही घेऊ नका. त्या शेवाळाचं विष उकळीने जात नाही. पोरालाही तिथे उतरू देऊ नका.

झोपाळू कासव
सगळ्यांचे आभार. घरात धागा मोठ्याने वाचून दाखवला. खाट म्हटल्यावर वडील म्हणाले, "मी काय म्हातारा झालोय?" आणि पाच मिनिटांनी हळूच विचारलं, खाट काठावर नेता येते का. लेक जॅकेट आणल्यापासून ते घालूनच जेवतोय. आता एकच शंका: दुपारी मी झोपलेला असताना होडीजवळ कोण बसणार?

गळकर
तुम्हीच. खाट काठावर घ्या, होडीची दोरी पायाला बांधा.