मदत हवी आहे : पारजांभळाला फळ का धरत नाही?

महाबळेश्वरजवळ आमच्या घरामागे पारजांभळाचं (ओलिया डायोइका) जुनं झाड आहे. ओळखीबद्दल शंका नाही: पानं समोरासमोर, कडा दातेरी, जांभळाच्या पानाला असे दाते नसतात. ऑलिव्हच्या कुळातलं, म्हणजे पारिजातक आणि जाईजुईचं भावंडच म्हणा. बारीक पांढऱ्या फुलांचे घोस दरवर्षी लगडतात, खाली सडा पडतो, पण आजवर एकही फळ दिसलं नाही. या जातीत नर-मादी झाडं वेगळी असतात, तेव्हा आमचं नरच असावं.

मला बियांपासून रोपं करायचीत. पिकलेली निळी-काळी फळं बुलबुलांच्या आधी कधी गाठायची? गर काढून लगेच पेरायचं का? आणि रोप लहान असताना नर-मादी ओळखता येतं का? कोणी स्वतः लावलं असेल तर कृपया सांगा.