जुनी एस्टीम: उन्हात उभी केली की सेल्फ मारूनही लवकर घेत नाही

पार्कचौक_पेट्रोल
२००३ची मारुती एस्टीम, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी). सकाळी सात-आठ सेकंद सेल्फ मारावा लागतो. दुपारी नवी पेठेत अर्धा तास उन्हात उभी केली तर त्याहून जास्त. सुरू झाल्यावर पिकअप, आयडलिंग चांगलं. बॅटरी, प्लग, फिल्टर नवे आहेत. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून सेल्फ मारला तर लगेच घेते. गॅरेजमध्ये टाकीतला पंप बदला म्हणतात. बदलू का?

रेल_आणि_रेग्युलेटर
आत्ता नको. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालतो. तसं दोन-तीनदा केल्यावर गाडी घेते, म्हणजे पंप प्रेशर बनवतोय. गाडी बंद केल्यावर ते टिकत नाही. आपल्याकडचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, त्यात बॉनेटखाली कोंडलेली उष्णता. प्रेशर उतरलं की रेलमधल्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतल्या) पेट्रोलची वाफ होते आणि इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी तीच जाते.

प्रेशर मोजायचा गेज लावल्याशिवाय काही विकत घेऊ नका. थंड इंजिनवर पंपाचा रिले (त्याला वीज देणारा स्विच) काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरेल. फिल्टर आणि रेलच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज बसवा, रिले परत लावा. इंजिन बंद, पंप चालू असताना २.५ ते ३ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हवं. आयडलिंगला इंजिनच्या व्हॅक्यूममुळे (हवा ओढण्यामुळे) २.१ ते २.६. पंप थांबल्यावर एका मिनिटाने २च्या खाली जाता कामा नये.

काटा भराभर खाली येत असेल तर पंप थांबताच रिटर्नचा (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारा) रबरी पाइप क्लॅम्पने दाबा. प्रेशर टिकलं तर रेग्युलेटर (रेलमधलं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग) गेला. नाही टिकलं, तर पुन्हा चावी ऑन करून या वेळी गेजच्या अलीकडचा, टाकीकडून येणारा पाइप दाबा. आता टिकलं तर गळती टाकीच्या बाजूला. दोन्ही दाबूनही उतरतंय आणि बाहेर कुठे ओल नाही, तर इंजेक्टर: रेलसकट वर काढून प्रेशर द्या, मिनिटाला एक थेंबही पडायला नको. पंप चालू असताना रिटर्न दाबून ठेवू नका, प्रेशर फार चढतं. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळीही काढून पाहा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर त्यातला डायफ्राम (पडदा) फाटलाय.

प्रेशर बरोबर निघालं तर कूलंट सेन्सरचा (इंजिन किती गरम आहे ते सांगणाऱ्याचा) रेझिस्टन्स मोजा: २० अंशांना सुमारे अडीच किलो-ओहम, ८०ला ०.३च्या आसपास.

टाकीतला_पंप
वरच्यात भर. गळती टाकीकडे निघाली म्हणजे पंपच गेला असं नाही. पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारा) गळत असेल तर पंप बदलावा लागतो. पण पंपाच्या तोंडापासून वरच्या प्लेटपर्यंतचा वीतभर रबरी पाइप चिरला तरी हेच होतं, आणि पेट्रोल टाकीतच पडत असल्याने बाहेर वासही येत नाही. जुन्या गाड्यांचं रबर ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलसाठी बनवलेलं नाही, म्हणून तो आधी पाहा. बदलताना पेट्रोलमध्ये बुडून चालणारा, एसएई जे-३० आर-१० (पाइपवर छापलेला) दर्जाचाच घ्या. साधा इंजेक्शन पाइप बुडून राहिला की बाहेरून फुगतो.

पार्कचौक_पेट्रोल
क्लॅम्प नसेल तर साध्या पकडीने दाबू का?

रेल_आणि_रेग्युलेटर
नको, पकडीच्या दात्यांनी जुना पाइप फाटेल. गोल जबड्याचा होज क्लॅम्पच आणा. पाइप कडक झाला असेल तर न दाबता आधी नवा टाका. आणि काम उघड्यावर करा, शेजारी डीसीपी (कोरड्या रासायनिक पावडरचा) अग्निशामक ठेवूनच.