मदत हवी आहे: पिकअपमधले फोर बाय फोर नेमके केव्हा टाकावे?

नमस्कार. राजापूर तालुक्यात आमची आंब्याची कलमे आहेत आणि बागेच्या कामासाठी यंदा एक जुनी इसुझू व्ही-क्रॉस घेतली आहे. गाडी पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे २एच (ताकद फक्त मागच्या चाकांना), ४एच (चारही चाकांना) आणि ४एल (चारही चाकांना, कमी वेग पण जास्त जोर) यांपैकी केव्हा काय निवडायचे हे गोल बटण फिरवून चालकानेच ठरवायचे असते. गाडी स्वतःहून काही ठरवत नाही. या बटणाबाबत मला मिळालेले सल्ले एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांचे म्हणणे असे की पाऊस सुरू झाला की ४एच टाकावे आणि दसऱ्याला काढावे. आमचे गावातले मेकॅनिक मात्र सांगतात की गाडी रुतल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये, नाहीतर ट्रान्स्फर केसचा (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीचा) खर्च अंगावर येईल. पुस्तिकेत कोरड्या, कठीण रस्त्यावर ४एच वापरू नये एवढे स्पष्ट लिहिले आहे, पण आमच्याकडच्या रस्त्यांपैकी निम्मे धड कोरडे नसतात आणि धड चिखलाचेही नसतात.

यामागचे तत्त्व मला समजले आहे ते असे: ४एचमध्ये ट्रान्स्फर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (आसांपर्यंत ताकद नेणारे फिरते दांडे) एकमेकांना जखडून टाकते. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जावे लागते, परंतु शाफ्ट जखडलेले असल्यामुळे त्यांना जास्त फिरता येत नाही, आणि हा फरक कुठेतरी टायर घसरूनच भरून निघावा लागतो. मातीवर टायर सहज घसरतो. डांबरावर तो घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरांच्या दातांमध्ये साठत जातो. हे बरोबर असेल, तर माझे प्रश्न पुढच्या जागांबद्दल आहेत.

बागेत जाणारी वाट लाल मातीची आणि चढाची आहे. मे महिन्यात तिच्यावर घोट्याएवढी धूळ आणि सुटी खडी असते, आणि त्याच दिवसांत पेट्यांनी भरलेली गाडी खाली आणायची असते. बागेच्या वर कातळाचा सडा (उघड्या खडकाचे पठार) लागतो, तो ओलांडून दुसऱ्या तुकड्यात जावे लागते. वाडीत उतरणारा रस्ता काँक्रीटचा असून पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. आणि शेवटचा, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अणुस्कुरा घाटाचा आहे. कोल्हापूरला आम्ही याच घाटाने जातो, आणि भर पावसात, रिकाम्या हौद्यानिशी चढताना तीव्र वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो असे जाणवते. अशा ओल्या डांबरावर ४एच टाकणे योग्य आहे का?

एक बाब सांगायची राहिली. आधीच्या मालकाने मागचे दोन्ही टायर नवीन टाकलेले आहेत, पुढचे जुने आहेत. याचा या विषयाशी काही संबंध आहे का, हेही कळावे. ज्यांनी पार्ट-टाइम पद्धतीची गाडी (थार, जिप्सी, जिम्नी किंवा कोणतीही पिकअप) स्वतः वापरली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ आभार.

प्रतिसाद १

तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले टोकाचे आहेत, आणि त्यातला मेकॅनिकचा सल्ला गाडीला कमी पण चालकाला जास्त महाग पडतो. गाडी रुतल्यावर ४एच टाकले तर मागची चाके तोवर खड्डा करून बसलेली असतात, कधी कधी डिफरेन्शियलचे (आसाच्या मध्यावरच्या गिअरपेटीचे) पोट मातीला टेकलेले असते, आणि मग पुढची दोन चाके मदतीला आली तरी त्यांना सबंध गाडी त्या खड्ड्यातून उपसावी लागते. चिखल समोर दिसला की त्याच्या आधी, गाडी सरळ आणि हळू चालत असताना, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ४एच टाकावे. मागची चाके जागच्या जागी गरगरत असताना बटण फिरवू नये. त्या क्षणी दोन्ही शाफ्टच्या वेगात मोठा फरक असतो आणि तो दातांवर आदळतो.

वळणाचा हिशेब एकदा आकड्यांत मांडून पाहिला तर बराच गोंधळ दूर होतो. तुमच्या गाडीच्या दोन आसांमधले अंतर साधारण ३.१ मीटर आहे. घाटातल्या तीव्र वळणावर मागच्या आसाचा मध्य १२ मीटर त्रिज्येने गेला, तर पुढच्या आसाचा मध्य सुमारे १२.४ मीटर त्रिज्येने जातो, म्हणजे एका अर्धवर्तुळात पुढच्या चाकांना सव्वा मीटरच्या आसपास अधिक चालावे लागते. खळ्यात स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी वळवताना मागची त्रिज्या साडेपाच मीटर धरली, तर अर्ध्या फेरीतच हा फरक अडीच मीटरपर्यंत जातो. म्हणूनच ४एच काढायचे विसरून फरशीवर किंवा डांबरावर गाडी वळवली की स्टिअरिंग जड होते, टायर चिरचिरतात आणि कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडखळते. याउलट १०० मीटर त्रिज्येच्या लांबलचक वळणावर हा फरक नगण्य असतो.

आता तुमच्या जागांकडे वळतो. बागेची वाट मे महिन्यात कोरडी असली तरी ती सुटी आहे, तेव्हा तेथे ४एच खुशाल टाकावे. पावसाळ्यात तर टाकावेच. सड्याबद्दल मात्र सावध राहा. रस्ता सोडून गाडी खाली उतरली की फोर बाय फोर टाकायचे, असा अनेकांचा समज असतो, परंतु कोरडा कातळ खरखरीत असतो आणि टायरला डांबराइतकाच घट्ट धरतो. सपाट, कोरड्या सड्यावरून वळणे घेत जायचे असेल तर २एच पुरेसे आहे. तोच सडा पावसात बुळबुळीत झाला की ४एच. काँक्रीटच्या उताराचेही तसेच आहे: शेवाळ असेल तेवढ्या पट्ट्यात ४एच, आणि खाली मोकळ्या जागी गाडी वळवण्यापूर्वी ते काढायचे.

रस्ता ओला आहे का, खडबडीत आहे का किंवा चढाचा आहे का, हे प्रश्न दुय्यम आहेत. साठलेला पीळ सोडण्याइतका टायर त्या जमिनीवर घसरू शकतो का, एवढेच पाहावे.

प्रतिसाद २

मी कोकणातून घाटमाथ्यावर नेहमी पिकअप चालवतो, म्हणून घाटाच्या प्रश्नापुरते लिहितो.

ओले डांबर निसरडे वाटले तरी त्याची पकड चिखलाच्या कितीतरी पट असते, आणि घाटात एकामागून एक तीव्र वळणे असल्यामुळे पीळ सुटायला सरळ पट्टा मिळत नाही. म्हणून घाटात निव्वळ पाऊस आहे एवढ्यासाठी मी ४एच टाकत नाही. दरडीची माती रस्त्यावर आलेली असेल किंवा डोंगराकडून गाळ वाहून आला असेल, तर तेवढ्या पट्ट्यापुरते टाकतो आणि पुढे डांबर लागले की काढतो.

मागचा भाग फेकला जाण्याचे कारण वेगळे आहे. मालाचे वजन पेलण्यासाठी पिकअपचे मागचे पाटे (स्प्रिंगा) कडक ठेवलेले असतात आणि रिकाम्या गाडीत वजन बहुतेक पुढे, इंजिनावर असते. अशा वेळी वळणावर खालच्या गिअरमध्ये जोरात ॲक्सिलरेटर दिला की हलकी झालेली मागची चाके सुटतात. त्यावर उपाय साधे आहेत: हौद्यात मागच्या आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे दोन-तीन वाळूची पोती घट्ट बांधून ठेवणे, वळणातून बाहेर पडेपर्यंत पाय हलका ठेवणे, आणि मागच्या टायरमधली हवा तपासणे. पिकअपच्या दारावरच्या तक्त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे असू शकतात, आणि पुष्कळ जण बारा महिने भरलेल्या गाडीचाच आकडा ठेवतात.

आणखी एक. ४एच टाकल्याने गाडी थांबत लवकर नाही. ब्रेक चारही चाकांना तसेही लागतातच. चढताना मिळणाऱ्या सहजतेवर भरवसा ठेवून माणूस वेग वाढवतो आणि उतरताना फसतो, असे प्रकार पावसाळ्यात पाहायला मिळतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सड्याबद्दलचा खुलासा विशेष उपयोगी पडला, कारण तेथे ४एच लावूनच फिरावे असे मी गृहीत धरले होते. आता दोन शंका उरतात. भरलेली गाडी बागेच्या उतारावरून खाली आणताना ४एच ठेवावे की ४एल? आणि २एचवर परत आलो तरी पटलावरचा फोर बाय फोरचा दिवा काही वेळ लुकलुकत राहतो, तो दोष आहे का?

प्रतिसाद ३

उतार तीव्र आणि सुटा असेल तर ४एल. त्यात गिअरचे गुणोत्तर साधारण अडीचपट होते, त्यामुळे पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवते, आणि शाफ्ट जखडलेले असल्यामुळे ही रोखण्याची ताकद चारही चाकांत वाटली जाते. हौदा भरलेला असला तरी उतारावर वजन पुढे सरकते, ब्रेकवर सगळा भार टाकला तर पुढची चाके अडकून घसरू लागतात. ४एलमध्ये ब्रेकला फारसे काम उरत नाही. क्लच दाबून गाडी सोडू नका, मग ४एल असून नसल्यासारखे आहे. ४एल टाकताना गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये आणावी लागते, म्हणून ते उताराच्या तोंडाशी, सपाट जागीच टाकावे. अर्ध्या उतारावर भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये आणणे धोक्याचे आहे.

दिवा लुकलुकतो तो बहुधा पीळ शिल्लक असल्यामुळे. दात एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून दोन्ही शाफ्ट जोडणारा सरकता भाग सुटत नाही. गाडी थोडे अंतर सरळ चालवा, नाही सुटले तर काही मीटर सरळ रिव्हर्स घ्या. बहुतेक वेळा एक हलका ‘टक्’ आवाज होऊन दिवा विझतो. सरळ चालवूनही दिवा लुकलुकतच राहिला तर तपासणी करून घ्यावी.

टायरचा संबंध मात्र आहे, आणि तुम्हाला वाटतो त्यापेक्षा अधिक आहे. नवीन टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि जुन्याची ३ मिलिमीटर उरली असेल, तर त्रिज्येत ५ मिलिमीटरचा फरक पडतो. सुमारे ३७५ मिलिमीटर त्रिज्येच्या चाकावर हा ढोबळमानाने १.३ टक्के होतो. याचा अर्थ असा की ४एचमध्ये अगदी सरळ रेषेत गेलात तरी दर किलोमीटरला पुढची-मागची चाके तेरा मीटरने चुकत राहतील. वर आलेल्या हिशेबाप्रमाणे घाटातले एक तीव्र वळण सव्वा मीटरचे आहे. तुमची गाडी सरळ रस्त्यावर दर किलोमीटरला तशी दहा वळणे घेते आहे. तुमचा दिवा उशिरा विझण्याचे कारणही कदाचित हेच असेल. चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले असावेत. पुढचे दोन बदलून घ्या आणि त्यानंतर ठरावीक अंतराने पुढचे-मागचे टायर अदलाबदल करत राहा. ते होईपर्यंत ४एच फक्त खऱ्या चिखलात वापरावे.

उन्हाळ्यात महिनोन् महिने ४एच न वापरणेही बरे नाही, कारण पुढच्या डिफरेन्शियलमध्ये तेल फिरत नाही. टोयोटाच्या अशा गाड्यांच्या पुस्तिकांत महिन्याला १६ किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवावे असे सांगितलेले असते. बागेच्या मातीच्या वाटेवर ये-जा असेल तर तुमचे तेवढे आपोआप होईल. जुनी गाडी आहे, तेव्हा टायर बदलताना ट्रान्स्फर केसचे आणि दोन्ही डिफरेन्शियलचे तेलही एकदा बदलून घ्या, आणि काढलेल्या तेलात धातूचा कीस दिसतो का ते समोर उभे राहून पाहा.