चाकं नसलेला ट्रक: कलोपचार शिकवताना सामाजिक न्यायही शिकवावा का?

डिचोलीची टीचर:
फोंड्याला कलोपचाराच्या, म्हणजे चित्रं वगैरे काढून घेऊन मनावर उपचार करण्याच्या, प्रशिक्षणाला गेले होते. सरावासाठी एका विद्यार्थ्याचं जुनं चित्र नेलं, नाव झाकून. अंगणात ट्रक, पण चाकंच नाहीत. शिकवणाऱ्या बाई लगेच म्हणाल्या, "असहायता. वडिलांशी ताणलेलं नातं." अहो, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण-लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि आमच्याकडचे खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले. ह्याच्या बापाने हप्त्यासाठी टायर विकले होते. ट्रक खरोखरच विटांवर होता! मग खाण, कर्ज, भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) हे अभ्यासक्रमात नको?

फोंडेकर समुपदेशक:
नको. पोराला "चाकं कुठे गेली रे?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. त्याला सामाजिक न्याय कशाला म्हणायचं? आमच्या कामाची ती बाराखडी आहे. पोर माझ्याकडे येतं ते झोप लागत नाही म्हणून. त्याच्या हाती मोर्चाचा फलक का देऊ? सगळे चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रँडाइसचा दाखला देतात. तेरेझिनच्या नाझी कैदेत तिने मुलांना चित्रकला शिकवली, साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मागे राहिली, तिला १९४४ मध्ये ऑशविट्झला मारलं. पण ती शिकवायची काय? बाउहाउस या जर्मन कलाशाळेतली रेषा, लय, रंग. घोषणा नव्हेत.

डिचोलीची टीचर:
आणि चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावायची, ते विसरलात. बरं, पोर म्हणालं "बाबांनी विकली". पुढे? बापाला कुणाकडे पाठवायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

फोंडेकर समुपदेशक:
नाही शिकवलं, खरं आहे. पण तुमच्या दोन दिवसांच्या शिबिरात तरी काय शिकवणार?

सत्तरीची मुंडकार:
आमच्या वाड्यावर असलंच न्यायवालं शिबिर झालं. लेकीने आमचं घर काढलं, कौलांवर निळी ताडपत्री. १९७५ चा मुंडकार कायदा असूनही भाटकार दुरुस्ती करू देत नव्हता. चवथीच्या आधी ते चित्र पणजीत प्रदर्शनात लागलं, खाली लेकीचं पूर्ण नाव. भाटकाराने पाहिलं. दुसऱ्या दिवशी दारात येऊन काय काय बोलला ते इथे लिहीत नाही. लेक अजून चित्रं काढते, पण घर नाही काढत.

डिचोलीची टीचर:
ताई, लावण्याआधी तुमची सही घेतली होती का?

सत्तरीची मुंडकार:
घेतली होती. हजेरीच्या कागदावर.