अनुभव धागा: कविता वाचायची, उलगडायची, तिच्यावर लिहायचं कसं?

कृष्णाकाठ (सांगली): संक्रांत आली की औदुंबरचं साहित्य संमेलन आठवतंच. शिकवणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी आपापली रीत सांगा. माझी रीत: अर्थ नंतर, आधी दोनदा मोठ्यानं वाचन. एकदा ओळीच्या शेवटी थांबून, एकदा विरामचिन्हांवर. दोन्ही थांबे जुळत नाहीत तिथं पेन्सिलीनं खूण. खरी गंमत बहुतेक तिथंच असते.

परळीकर: सज्जनगडाच्या पायथ्याचा माणूस, मनाचे श्लोकच सांगणार 😀 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें'. लघु म्हणजे ऱ्हस्व अक्षर, एक मात्रा; गुरू म्हणजे दीर्घ, दोन मात्रा. लघु-गुरू-गुरू असं चारदा, १२ अक्षरं, हे भुजंगप्रयात वृत्त. पोरं 'सज्जना'तल्या स वर हमखास आपटतात. दिसतो लघु, पण पुढं जोडाक्षर म्हणून गुरू. 'भक्ति'तला भ तसाच.

शाईपेन: दादा, जोडाक्षर दिसलं की मागचं गुरू, असं सरसकट नको. जोडाक्षराचा आघात, म्हणजे उच्चारातला धक्का, मागच्या अक्षरावर येतो का ते बघायचं. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही कविता घ्या (त्यांचं मर्ढे गाव आपल्याच साताऱ्यातलं). 'माना पडल्या, मुरगळल्याविण': ८ अधिक ८ मात्रा, हे पादाकुलक (अक्षरं नाही, मात्रा मोजायची रचना). 'पडल्या'तल्या ड ला धक्का नाही, मात्रा एकच. 'मुरगळल्या'तल्या ळ चं तेच. दोन्ही गुरू धरलेत तर १६ च्या १८. आणि त्याच कडव्यात 'आसक्तीविण' आहे, तिथं मात्र स गुरूच. पहिल्या ओळीत 'उंदिर' ऱ्हस्व आहे तेही मात्रेपायी. शुद्धलेखन सुधारायला जाल तर १७ होतील.

वांगीभात: भाकऱ्या टाकतेय, नंतर वाचते. औदुंबरला जाणाऱ्यांनी भडंग आणा रे.

परळीकर: मान्य. धक्क्याचं लिहायचं राहिलं.

लालशाई: रसग्रहणाचं बोला. त्याचे तीन भाग: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. पहिल्यातच पोरं कवितेचं गद्य करून पान भरतात आणि बाकी दोन उपाशी. आशय चार ओळींत उरका. 'कवीने यमक छान साधले आहे' याला काडीची किंमत नाही, तेच वाक्य कुठल्याही कवितेला चिकटतं. वरचंच उदाहरण: 'माना पडल्या' दोनदा येतं, आधी 'मुरगळल्याविण', मग 'आसक्तीविण'. पुनरुक्ती आहे म्हणून थांबू नका. मरण आणि शृंगार एकाच साच्यात बसवलेत, दोन्हीतला जीव गेलाय, हे लिहा. आधी विधान, लगेच कवितेतले शब्द, मग त्यानं काय साधलं.

कृष्णाकाठ: लालशाई ताई, हे छापून वर्गात लावावं असं आहे.

वांगीभात: आले. अभंगाच्या मात्रा कशा मोजायच्या? पोरगी विचारतेय.

शाईपेन: मोजायच्याच नाहीत काकू. अक्षरं मोजा, जोडाक्षर एकच. 'सुंदर तें ध्यान / उभें विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' म्हणजे ६, ६, ६, ४. यमक दुसऱ्या-तिसऱ्यात. हा मोठा अभंग. छोट्यात ८-८ चे दोनच चरण. ओवीला मात्र हे माप लावू नका, तिची अक्षरं मोकळी. पहिल्या तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड, एवढंच बघायचं.