शब्दचर्चा : कार्ड ‘काढतो’ तो कोण? बँक, दुकान की शेतकरी?

तापीकाठ
मंडळी, अडलेय. जळगावातल्या एका दुकानसाखळीची (बियाणं, ठिबकच्या नळ्या, फवारणीची औषधं) माहितीपुस्तिका मराठीत करतेय. ते शेतकऱ्यांसाठी स्वतःच्या नावाचं कार्ड आणतायत. आधी पैसे भरायचे, मग त्यांच्याकडे किंवा बाहेरही वापरायचे. कार्डावर चित्र दुकानाचं, परवाना बँकेचा आणि मधली सगळी यंत्रणा बंगळुरूच्या एका कंपनीची. मूळ मजकुरात ‘इश्युअर’ दर दोन ओळींनी येतो. मी लिहिलं ‘कार्ड काढणारी बँक’. दुकानाच्या पुण्यातल्या मॅनेजरांनी लाल शेरा मारला : ‘कार्ड ग्राहक काढतो. जारीकर्ता करा.’ घरी वाचून दाखवलं तर सासरे म्हणाले, वॉरंट जारी होतं, कार्ड कसं जारी होईल? आता सांगा.

धुळ्याचा_पांझरकर
मॅनेजर बरोबर आणि तुम्हीही बरोबर, हीच तर गंमत आहे. सातबारा शेतकरी काढतो, तलाठी देतो. जातीचा दाखला पोरगं काढतं. कर्ज घेणारा काढतो. पण फतवा काढणारा वेगळा, आदेश काढणारा वेगळा, दिवाळी अंक काढणारा तर फारच वेगळा. एकच क्रियापद, कधी देणाऱ्याचं, कधी घेणाऱ्याचं. अहिराणीतही तेच. बँकनी कार्ड काढं, मीबी कार्ड काढं. मंग हाई कार्ड कोनं शे?

शब्दनिष्ठ
‘जारी’ अरबीतून फारसीमार्गे आलेला आणि आता हिंदी बातम्यांतून परत आदळणारा शब्द. मराठीत ‘निर्गमित करणे’ आहे. शासन निर्णयाच्या खाली रोज वाचता ना? त्यावरून ‘निर्गमक’. चार अक्षरं, अर्थ स्वच्छ. लोकांना कळत नाही ही सबब नको. ‘महापौर’ तरी पहिल्या दिवशी कोणाला कळला होता?

गिरणाकाठची_बाई
सर, मी शाळेत लिपिक आहे. आमच्याकडे ‘निर्गम’ म्हटलं की प्रवेश-निर्गम उतारा. पोरगं शाळा सोडून गेलं की निर्गम. तुमचा ‘निर्गमक’ वाचून शेतकरी म्हणेल, ही बँक कुठे निघाली?

शब्दनिष्ठ
तोच अर्थ आहे, ताई. बाहेर जाणे. कार्ड बँकेतून बाहेर जातं.

गिरणाकाठची_बाई
पैसे पण जातात मग.

यावल_ते_बंगळुरू
मी याच धंद्यात आहे (तापीकाठताईंच्या कंपनीत नाही, दुसऱ्या), म्हणून आधी कामाचं सांगते. शब्द ठरवायच्या आधी माणसं मोजा, कारण इथे पाच जण आहेत आणि सगळे स्वतःला ‘कार्डवाले’ म्हणवतात.

दुकान : त्याचं नाव, त्याचं गिऱ्हाईक. ते फक्त खपवतं.
आमच्यासारखी कंपनी : अर्ज घेणं, ओळख तपासायची सोय, कार्ड छापून घरी पाठवणं, अॅपमधली शिल्लक, सगळा खटाटोप. दुकानाला बँकेच्या जुन्या संगणकाशी झटापट करावी लागत नाही, आम्ही तयार तारा जोडून देतो.
बँक, किंवा रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली बिगरबँक प्रीपेड कंपनी : हीच इश्युअर. कार्डाच्या नंबरातले सुरुवातीचे आकडे (पूर्वी सहा, आता आठही) तिच्या नावावर असतात, दुकानाच्या नव्हे.
नेटवर्क : रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड.
आणि ज्या दुकानात कार्ड घासता त्या दुकानाची बँक.

रावेरच्या पंपावर कार्ड घासलं की पंपाच्या बँकेकडून निरोप नेटवर्ककडे जातो. नेटवर्क नंबराची सुरुवात बघून इश्युअर ओळखतं. इश्युअरच्या वतीने बहुतेक वेळा आमचंच यंत्र शिल्लक बघतं आणि हो किंवा नाही म्हणतं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. प्रत्येक दुकानाला धंद्याच्या प्रकाराचा चार आकडी संकेतांक असतो, त्यावरून ‘हे कार्ड फक्त खतं-बियाणं आणि डिझेलला चालेल’ असंही बांधून देता येतं. ‘हो’ आम्ही म्हणत असलो तरी जबाबदारी बँकेचीच. म्हणून ‘इश्युअर’ला गुळमुळीत शब्द चालणार नाही.

धुळ्याचा_पांझरकर
बहिणाबाई, तुमच्या कंपनीला मजकुरात काय म्हणतात?

यावल_ते_बंगळुरू
प्रोग्राम मॅनेजर.

धुळ्याचा_पांझरकर
म्हणजे ‘कार्यक्रम व्यवस्थापक’! मंडप, जेवण, बँडबाजा. आणि पैसे बुडाले तर ‘करेक्ट कार्यक्रम’.

तापीकाठ
हसू नका हो, मी खरंच ‘कार्यक्रम व्यवस्थापक’ लिहून बसलेय. तेही बदलायचंय. पण आधी इश्युअर.

आडत_वाले_नाना
पोरांनो, तुम्ही नवीन शब्द घडवत बसला आहात आणि जुने घरात पडून आहेत. आमच्या वडिलांची जळगावला आडत होती. कापसाचा, भुईमुगाचा पैसा मुंबईहून हुंडीने (पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीने) यायचा. हुंडी लिहिणारा वेगळा, जिच्यावर लिहिली ती पेढी वेगळी, हातात घेऊन येणारा वेगळा. प्रत्येकाला नाव होतं, घोळ नव्हता. पेढीने मान्य केली की हुंडी ‘सकारली’. नाही केली तर ‘नाकारली’. पैसे मिळाले की ‘वटली’. हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला ‘पेठ’. तीही हरवली तर ‘परपेठ’. तुमच्या डुप्लिकेट कार्डाला हा शब्द कोणी का वापरत नाही?

आणि दर्शनी हुंडी म्हणजे दाखवताच पैसे, मुदती म्हणजे ठरल्या दिवशी. डेबिट आणि क्रेडिट कार्डात दुसरं काय आहे?

शब्दनिष्ठ
नाना, ‘सकारणे’ अप्रतिम. दुकानात पाटी हवी : ‘येथे कार्ड सकारले जाते.’

गिरणाकाठची_बाई
लोक सकाळी कार्ड चालतं असं समजतील.

पतसंस्था_निवृत्त
नानांचा मान ठेवून सांगतो, हुंडीचा शब्द इथे चिकटवू नका. हुंडीत सावकाराच्या शब्दावर काम चाले. इथे कायदा आहे, २००७ चा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स अॅक्ट. बिगरबँक कंपनीने लोकांकडून घेतलेले पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, धंद्यात फिरवायचे नाहीत. प्रीपेडबद्दलचे एकत्रित निर्देश ऑगस्ट २०२१ चे. त्यात थोडक्या ओळखीवरच्या कार्डात दहा हजारांपर्यंत शिल्लक आणि त्यातून रोख काढता येत नाही. पूर्ण केवायसीला दोन लाख. भेटकार्डालाही दहा हजारांचीच मर्यादा. भागीदाराचं नाव मोठं असलं तरी परवाना ज्याचा त्याचं नाव ठळक दिसलंच पाहिजे, आणि भागीदार जे करेल त्याला इश्युअर जबाबदार. डेबिट-क्रेडिट कार्डांचे निर्देश एप्रिल २०२२ मध्ये आले. त्यात भागीदाराचं काम कार्ड खपवणं आणि कार्डधारकाला आपल्या वस्तू-सेवा देणं एवढंच ठेवलंय.

म्हणून मी म्हणतो, लिहा ‘परवानाधारक बँक’. शेतकऱ्याला ‘परवाना’ कळतो. बियाण्याच्या दुकानात भिंतीवर टांगलेला असतो.

यावल_ते_बंगळुरू
काका, माहिती बरोबर, शब्दाशी सहमत नाही. एका कार्डामागे परवाने एकाहून जास्त असतात. नेटवर्कलाही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते.

चोपडा_कृषीकेंद्र
मी दुकानदार आहे म्हणून बोलतो. ऑक्टोबर २०२२ पासून खताची पोती बघा. सरकारने सगळ्यांना ‘भारत’ नाव दिलं. पोत्याच्या एका बाजूचा दोन-तृतीयांश भाग ‘भारत युरिया’ आणि खत-अनुदान योजनेच्या चिन्हाला, उरलेल्यात कंपनीचं नाव-गाव. शेतकरी आला की विचारतो, “भाऊ, हे भारत कोणाचं आहे?” त्याला मोठं नाव नको, बारीक अक्षरातलं हवं असतं. कार्डाचंही तसंच. त्याला एवढंच सांगा, छाप दुकानाची, कार्ड बँकेचं. ‘ब्रँडेड’ला आपल्याकडे ‘छाप’ आहेच की. घोडाछाप, सूर्यछाप. मग ‘आमच्या छापाचं कार्ड’.

शब्दनिष्ठ
‘छाप’ चांगला. पण ‘छापाचं कार्ड’ की ‘छापेचं’? ‘छाप पडली’ म्हणतो तेव्हा स्त्रीलिंगी. तुम्हीच एका वाक्यात ‘छाप दुकानाची’ आणि पुढच्यात ‘छापाचं’ लिहिलंय.

चोपडा_कृषीकेंद्र
सर, मी बोलतो तसं लिहिलं.

लेवा_भालोदकर
माझा अनुभव. भाचीच्या लग्नात एका नामांकित दुकानाची भेटकार्डं वाटली. दोन-तीन पाहुण्यांची चालली नाहीत. दुकान म्हणे बँकेला विचारा, बँकेची फोनवरची पोरगी म्हणे दुकानाला विचारा. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात तिसरंच नाव. भिंग लावून वाचलं तर ‘द्वारा निर्गत’. निर्गत! शब्दनिष्ठ सर, हा तुमचा तर नव्हे?

शब्दनिष्ठ
‘निर्गत’ हिंदी वळणाचं आहे. माझं ‘निर्गमित’. फरक समजून घ्या.

पतसंस्था_निवृत्त
भालोदकर, तक्रार ज्याच्या नावावर परवाना त्याच्याकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. २०२१ पासून एकच एकत्रित योजना आहे, माहितीसाठी फोन १४४४८. लोकपाल बँकेला जाब विचारतो, दुकानाला नाही. पुस्तिकेत हा शब्द कुठे महत्त्वाचा, तर तक्रारीच्या पानावर. बाकी पानांवर तुम्ही काहीही लिहा.

तापीकाठ
हे फार उपयोगी. म्हणजे तक्रारीच्या पानावर सरळ ‘ज्या बँकेने हे कार्ड दिलं आहे ती बँक’ असं लांबलचक लिहिलं तर?

शब्दनिष्ठ
संज्ञेच्या जागी वाक्य? मग पारिभाषिक कोश कशाला?

आडत_वाले_नाना
‘दिलं’ म्हणू नका. दिलं म्हणजे फुकट दिलं. आमच्या भागात ‘दिलं’ आणि ‘उचल दिली’ यात फरक आहे. उचल फेडावी लागते.

चोपडा_कृषीकेंद्र
नानांनी मुद्द्याचं काढलं. ताई, तुमच्या दुकानवाल्यांना विचारा, कार्डात उधारी भरून देणार आहेत का? आमच्याकडे मृगात माल नेतात आणि कापूस विकला की देतात. एक एजंट माझ्याकडे आला होता, म्हणे उधारीची मर्यादा कार्डात टाकू.

यावल_ते_बंगळुरू
सावध राहा. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बिगरबँक कंपन्यांच्या प्रीपेड कार्डांत उधारीच्या मर्यादेतून पैसे भरायला मनाई केली. तेव्हा या धंद्यात बरीच धावपळ झाली होती. उधारी द्यायची तर ते वेगळं उत्पादन आणि वेगळे नियम. आणि ‘टाकू’ नाही, ‘भरू’. कार्डात पैसे भरतात.

धुळ्याचा_पांझरकर
आमच्याकडे टाकतातच. रिचार्ज टाक, बॅलन्स टाक, पैसा टाक.

यावल_ते_बंगळुरू
यावलला भरतात.

धुळ्याचा_पांझरकर
यावलला केळीत पाणी पण भरतात. आमच्या अहिराणीतलं ‘जिभाऊ’ म्हणत नाहीत, तिथे काय बोलायचं.

लेवा_भालोदकर
लेवा बोलीवर घसरू नका, कवयित्री बहिणाबाईंची भाषा आहे ती.

धुळ्याचा_पांझरकर
घसरलो नाही, फक्त नाव घेतलं. आणि अहिराणी मोठी की लेवा, हा धागा इथे नको. मागच्या वेळी महिनाभर चालला होता.

तापीकाठ
मंडळी, इश्युअर! आजच्या रात्रीत पुस्तिका छापायला जातेय. सध्या ‘कार्ड देणारी बँक’ ठेवलंय. नानांचा आक्षेप लक्षात आहे. ‘प्रोग्राम मॅनेजर’ला ‘कार्डसेवा सांभाळणारी कंपनी’ केलं. ‘कॅशबॅक’ तसाच ठेवू ना? की त्याला काही आहे?

आडत_वाले_नाना
आहे. ‘वटाव’. रोखीने व्यवहार केला म्हणून मिळणारी सूट. जुना, चोख शब्द.

चोपडा_कृषीकेंद्र
नाना, माफ करा, पण वटाव शेतकऱ्याला मिळत नाही, त्याच्याकडून कापतात. रोख पैसे हवेत म्हणून पट्टीतून (आडत्याने दिलेल्या विक्रीच्या हिशोबातून) वटाव कापला, हे ऐकत मी मोठा झालो. पुस्तिकेत ‘खरेदीवर वटाव’ छापलं तर एक माणूस कार्ड घेणार नाही.

आडत_वाले_नाना
तो आडत्याकडचा वटाव. दुकानदार गिऱ्हाइकाला देतो तो वेगळा. आमच्या वह्यांत दोन्ही बाजूंना वटाव खातं होतं, जमेलाही आणि नावेलाही. वही आणून दाखवू का?

शब्दनिष्ठ
नाना, वहीचा फोटो टाकाच. आणि वटाव कोणत्या धातूवरून? ‘वटणे’वरून की ‘बट्टा’शी नातं?

पतसंस्था_निवृत्त
बट्ट्याशी. माझी खात्री आहे.

आडत_वाले_नाना
बट्टा नाण्यावर लागतो, वटाव व्यवहारावर. दोन्ही एक म्हणाल तर आमच्या मुनीमजींनी तुम्हाला गादीवरून उठवलं असतं. वही माळ्यावर आहे, नातू आला की काढायला सांगतो.

धुळ्याचा_पांझरकर
नाना, वही ‘काढायला’ म्हणजे नवीन काढायला की जुनी काढायला?